वाइनमधील मद्यार्क मोजण्यासाठी कोणते साधन घ्यावे?

नाशिक परिसरात रीतसर परवाना काढून लहान प्रमाणावर वाइन किंवा मधापासूनचे मीड तयार करणाऱ्यासमोर हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी), रिफ्रॅक्टोमीटर (द्रवात प्रकाश किती वळतो ते दाखवणारे साधन), एबुलिओमीटर (उत्कलनबिंदू मोजणारे साधन) आणि ऊर्ध्वपातन (द्रव उकळून त्याची वाफ थंड करून गोळा करणे) असे चार मार्ग असतात. लेबलवर 12.5 टक्के लिहिले, तर 20 अंश सेल्सिअस तापमानाला 100 मिलिलिटर वाइनमध्ये 12.5 मिलिलिटर इथेनॉल, म्हणजेच मद्यार्क, आहे, असा त्याचा अर्थ होतो. मात्र ही साधने घनता, प्रकाशाचे वक्रीभवन किंवा उत्कलनबिंदू मोजतात आणि मद्यार्काचा आकडा त्यावरून काढावा लागतो. त्यामुळे किमतींची तुलना करण्यापूर्वी आपल्या वाइनमध्ये शेवटी साखर किती उरणार आहे, याचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हायड्रोमीटर सर्वांत स्वस्त आहे आणि पहिली खरेदी त्याचीच असावी. आंबवण्यापूर्वी रसाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत त्याची घनता, 1.090 आणि आंबवण संपल्यावर 0.995 भरले, तर दोहोंतील फरकाला 131.25 ने गुणून सुमारे 12.5 टक्के हे उत्तर मिळते. पद्धत सोपी असली तरी हात काटेकोर हवा. नमुना ढवळून त्यातला कार्बन डायऑक्साइड आधी काढून टाकावा लागतो, कारण काचेला चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात. आकडा डोळ्याच्या पातळीवर, द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या खालच्या कडेशी वाचावा लागतो. आणि साधन ज्या तापमानासाठी आखलेले आहे, त्यापेक्षा नमुना गरम असेल तर दुरुस्ती करावी लागते. वाचनात 0.003 एवढी चूक झाली, तरी मद्यार्काचा आकडा जवळजवळ 0.4 टक्क्याने बदलतो. सुरुवातीची नोंद राहून गेली किंवा मध्येच साखर घातली आणि तिचा हिशेब ठेवला नाही, तर मात्र हा मार्ग बंद होतो. मद्यार्काच्या टक्क्यांत आखलेले अल्कोहोलमीटर थेट वाइनमध्ये बुडवण्याचा मोहही टाळावा. ते ऊर्ध्वपातित मद्यासाठी असते आणि वाइनमधील साखर त्याचे वाचन बिघडवते.

रिफ्रॅक्टोमीटर द्राक्ष बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मणी चिरडून रसाचे दोन थेंब काचेवर टाकले की ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेची टक्केवारी, समजते, म्हणून काढणीचा दिवस ठरवायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. आंबवण सुरू झाल्यावर मात्र तो दिशाभूल करतो, कारण इथेनॉलचा वक्रीभवनांक पाण्यापेक्षा जास्त असल्याने साखर संपलेल्या वाइनमध्येही तो सात-आठ ब्रिक्स दाखवू शकतो. केवळ मद्यार्कासाठी तो विकत घेऊ नये.

एबुलिओमीटरला सुरुवातीची नोंद लागत नाही आणि कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ संपलेल्या वाइनसाठी मी त्यालाच पसंती देईन. शुद्ध इथेनॉल 78.3 अंशांना उकळते, त्यामुळे मद्यार्क जितका जास्त तितकी वाइन पाण्याच्या आधी उकळते. आधी नुसते पाणी उकळून त्या दिवसाचा उत्कलनबिंदू नोंदवायचा, मग भांडे वाइनने विसळून वाइन उकळायची आणि दोन तापमानांवरून सोबतच्या पट्टीवर टक्केवारी वाचायची. पाण्याची पायरी गाळू नये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते आणि हवेच्या दाबाप्रमाणे त्यात थोडा फरकही पडतो. गोड वाइन किंवा मीड असेल तर साखरेमुळे आकडा चुकतो. नमुना पाण्याने निम्मा करून मोजावा आणि उत्तर दुप्पट करावे, तरीही अचूकता कमी होतेच.

गोड मालाच्या लेबलवरील आकड्यासाठी ऊर्ध्वपातनच विश्वासार्ह ठरते. मोजून घेतलेला नमुना उकळून वाफ थंड केली की मद्यार्क तिच्यासोबत येतो, तर साखर आणि रंगद्रव्ये मागे राहतात. जमा झालेल्या द्रवात शुद्ध पाणी घालून तो त्याच तापमानाला मूळ आकारमानाइतका केला जातो आणि त्याच्या घनतेवरून कोष्टकात मद्यार्क पाहिला जातो. काचसामान, थंड पाण्याची सोय आणि सरावलेला माणूस लागत असल्याने वर्षाला मोजक्याच वेळा वाइन तयार करणाऱ्याने हे काम प्रयोगशाळेकडे सोपवणे परवडते. नमुन्याची बाटली मात्र गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करावी; मोकळी जागा राहिली तर मद्यार्क वाटेतच उडू लागतो.