पोस्टग्रेसमधे कॉलमचा टाइप बदलणं: पाचपैकी साडेतीन स्टार

गावच्या दूध संकलन केंद्रासाठी एक छोटं सॉफ्टवेअर केलंय, डेटाबेस पोस्टग्रेस. पहिल्या वर्षी घाईघाईत फॅटचा कॉलम टेक्स्ट, म्हणजे साधा मजकूर, ठेवला, म्हटलं करू नंतर नीट, आणि बिलासाठी सरासरी काढायला गेलो तेव्हा बोंब.

ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलायची कमांड) मारून टाइप न्यूमेरिक, म्हणजे आकड्यांचा, केला तर लगेच एरर, आपोआप कास्ट (रूपांतर) होणार नाही, ते कसं करायचं हे यूझिंग लिहून द्या म्हणे. लिहिलं, तर पुढचा एरर. आत बघतो तर काय काय भरलेलं, कुठे रिकामं, कुठे '३,५', कुठे 'म्हैस ६.८' आणि एका पोराने मराठी कीबोर्डवरून चक्क देवनागरी आकडे टाकलेले, जे पोस्टग्रेसच्या लेखी आकडेच नाहीत. मग ट्रान्सलेटने आकडे बदलले, रिप्लेसने स्वल्पविरामाचा पॉइंट केला, रिकाम्याला नलइफ लावून नल (म्हणजे 'किंमत नाही') केलं, म्हशी हाताने काढल्या. पण दर एररला टेबल होतं तस्संच, अर्धवट काही नाही. ट्रान्झॅक्शनमधे (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) ऑल्टर चालतं, हे एकदम पैसा वसूल (फुकट आहे तो भाग वेगळा). मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधे ऑल्टरला रोलबॅक (केलेलं मागे घेणं) नाही, वर मॉडिफायने टाइप बदलताना नॉट नल (रिकामं चालणार नाही ही अट) परत लिहायचं विसरलात तर ते गेलंच. एसक्यूलाइट डेटाबेसमधे तर टाइप बदलायची सोयच नाही, नवं टेबल करून डेटा उचलून न्यायचा.

एक गोष्ट मात्र खटकली. आधी न्यूमेरिक (३,१), म्हणजे एकूण तीन आकडे आणि त्यातला एक पॉइंटनंतर, दिलं होतं तर ३.५६ चं गुपचूप ३.६ झालं, ना एरर ना वॉर्निंग. इथे फॅटच्या पॉइंटवर लोकांचे पैसे ठरतात हो! बिगिन टाकून ट्रान्झॅक्शन सुरू केलेलं होतं म्हणून रोलबॅक केलं आणि (४,२) दिलं.

दीड स्टार कापला तो लॉकसाठी, म्हणजे काम होईपर्यंत टेबल बाकीच्यांना बंद राहतं त्यासाठी. टेक्स्टचं न्यूमेरिक करताना अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) पण, आणि तोवर साधं सिलेक्टसुद्धा (नुसतं डेटा वाचणं) अडकून बसतं. आणि मी शहाण्याने फायनल रन केला संध्याकाळी साडेपाचला, ऐन संकलनात. कॅन घेऊन लाईन लागलेली, स्क्रीन गोल गोल फिरतेय, सेक्रेटरी काकांचा फोन, "अरे काय केलंस रे?" म्हटलं काका दहा मिनिटं वहीवर लिहा. चूक माझीच. आता हे काम रात्री, लॉक टाइमआउट दोन सेकंद लावून (तेवढ्यात लॉक मिळालं नाही तर काम सोडून द्यायचं), आणि डिस्कवर टेबलाएवढी जागा रिकामी आहे का बघून, कारण काम होईपर्यंत जुनी-नवी दोन्ही कॉपी राहतात.

कॉलमवर व्ह्यू (जपून ठेवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वापरता येते) असेल तर सरळ नकार मिळतो, आधी व्ह्यू पाडा मग परत बांधा, वैताग. पण व्हारचार (ठराविक अक्षरांपर्यंतचा मजकूर) ५० चं १०० करायचं असेल तर ९.२ व्हर्जनपासून टेबल परत लिहिलं जात नाही, चुटकीसरशी होतं.

काका आता मी "थोडा बदल करतोय" म्हटलं की आधी वही काढून ठेवतात.