सीओपीडीसाठी घरबसल्या देखरेख: पावसाळ्यापासून वापरतोय, माझा अनुभव

मी लालबागला चाळीत राहतो, सीओपीडी (धाप लागण्याचा फुफ्फुसाचा आजार) जुना. गेल्या पावसाळ्यात ॲडमिट होऊन घरी आल्यावर मुलीने ही सेवा लावून दिली. ब्लूटूथचा ऑक्सिमीटर, फोनवर ॲप आणि पलीकडे एक सिस्टर. रोज सकाळी ऑक्सिजन आणि नाडी मोजायची, मग धाप, खोकला, कफ यांवरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची.

सुरुवातीला नुसता वैताग होता. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की ॲप लाल. माझा तर बरं असतानाही ९०-९१ असतो! त्यामुळे रोज लाल, रोज फोन, "काका, त्रास होतोय का?" मी आपला चहा पीत बसलेलो आणि बायकोच्या छातीत धडधड. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो अशा पेशंटना ऑक्सिजन लावतानाही ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात, असं त्यांनी समजावलं. मी त्यातलाच. मग माझी मर्यादा ८८ वर आणली आणि घर शांत झालं. हे काम पहिल्याच दिवशी कंपनीनं करायचं होतं.

ऑक्सिमीटरचे नखरे वेगळेच. बोटं गार असली की आकडा नाचतो. जिना चढून आल्या आल्या मोजू नये, जरा बसावं. नखाला पॉलिश नको. सावळ्या कातडीवर काही यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, म्हणून मी एका आकड्यापेक्षा माझा रोजचा आकडा किती हलला ते बघतो.

थंडीत खरी परीक्षा झाली. ऑक्सिमीटर ९० वरच अडून बसलेला, पण कफ पांढऱ्याचा हिरवट झाला, वाढला आणि जिन्याच्या वळणावर थांबावं लागायला लागलं. मी ॲपमध्ये तेवढंच भरलं. दुपारी सिस्टरचा फोन, संध्याकाळी डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं, रात्रीपासून गोळ्या सुरू. ॲडमिट व्हावं लागलं नाही. मला विचाराल तर पैसे यंत्राचे नाहीत, त्या कफाच्या प्रश्नाचे आणि उत्तर वाचणाऱ्या माणसाचे आहेत.

जाहिरातीत मात्र 'ॲडमिशन टाळा' असं ठोकून दिलंय. स्कॉटलंडमध्ये २५६ पेशंटवर अशा देखरेखीची चाचणी झाली, २०१३ साली छापून आली. त्यात ॲडमिट व्हायची वेळ काही पुढे ढकलली गेली नव्हती. माझं टळलं, तुमचं टळेलच असं नाही.

रात्री आणि रविवारी पलीकडे कुणी नसतं, हे किट हातात पडल्यावर कळलं. रात्री धाप वाढली तर ॲप उघडत बसू नका, सरळ १०८ लावा. ॲपमधले प्रश्न इंग्रजी-हिंदीत. बायको ते मराठीत वाचून दाखवते, आणि तिच्या पद्धतीने दोन जास्तीचे विचारते. आणि एप्रिलात आमच्याकडे मसाल्याची कांडपं सुरू झाली की हवेत जो खकाणा उडतो, त्याचं काय? घराभोवतीच्या हवेबद्दल ॲपमध्ये एकही प्रश्न नाही.

तीन महिन्यांचा प्लॅन मिळतो. मी पावसाळा आणि थंडीपुरताच घेणार. मे महिन्यात आम्ही गावी असतो, तिथे रेंजच नाही. तेव्हा ऑक्सिमीटर सोबत, आकडे वहीत आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद पाकिटात: कफ बदलला तर काय घ्यायचं, कधी निघायचं.