वहीतला ‘वाचले’चा रकाना

हिशेबाची माझी एक जुनी वही आहे. डावीकडे ‘गेले’, उजवीकडे ‘वाचले’. महिनाअखेरीला दोन्हींची बेरीज करायची आणि उजवीकडचा आकडा घसघशीत दिसला की नवऱ्याला हाक मारून दाखवायचा, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. तो मान डोलवायचा. एकदाच म्हणाला, “हे वाचलेले पैसे ठेवलेस कुठे?” मला राग आला होता. पण मी जिथे फसले, ती जागा नेमकी हीच.

घरसामान मागवायच्या एका अ‍ॅपवर मेंबरशिपची जाहिरात आली. सभासदांना वेगळी किंमत, घरपोच सेवा मोफत आणि पहिले ३० दिवस काहीच पैसे नाहीत. फुकट ते पौष्टिक! कार्डाचा नंबर मागितला तो “फक्त खात्रीसाठी”. पुढे वर्गणी किती, तर “दिवसाला अगदी चिल्लर”. वर्षाचा आकडा कुठेच नव्हता. मोठी रक्कम दिवसावर वाटून सांगितली की माणूस तिची तुलना किरकोळ खर्चाशी करतो. मार्केटिंगचे प्राध्यापक जॉन गॉरविल यांनी १९९८ मध्ये यावर संशोधनही प्रसिद्ध केलंय, पण हे मला पुष्कळ नंतर कळलं.

बटणाखाली फिक्या राखाडी अक्षरांत एक ओळ होती: रद्द करेपर्यंत दरमहा वर्गणी कापली जाईल. ती वाचलीच नाही, असं मी म्हणणार नाही. वाचली, आणि फोनमध्ये एकोणतिसाव्या दिवसाचा रिमाइंडरही लावला. शहाणी ना मी! एकोणतिसाव्या दिवशी रिमाइंडर वाजला, अ‍ॅप उघडलं, तेव्हा दिसलं की रद्द करायचं असेल तर मुदतीच्या ४८ तास आधी कळवायला हवं होतं. ही अट पहिल्या स्क्रीनवर नव्हती, अटींच्या लांबलचक पानात होती.

म्हटलं, एक महिन्याचे गेले तर गेले, निदान वसूल तरी करू. आणि त्या महिन्यात मी इतर कुठल्याही महिन्यापेक्षा जास्त खरेदी केली. प्रत्येक वस्तूवर छापील किंमत खोडलेली, शेजारी सभासदांची किंमत, खाली हिरव्या अक्षरांत ‘तुमची बचत’. तो हिरवा आकडा मी जसाच्या तसा वहीत उजवीकडे उतरवत होते. महिना संपल्यावर अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं. माझ्या मते विषय संपला.

तो १४ महिने चालू होता.

अ‍ॅप काढलं म्हणजे मेंबरशिप बंद होते, असा माझा समज होता. होत नाही. अ‍ॅप ही फक्त खिडकी. करार तुमच्या खात्याशी बांधलेला असतो आणि पैसे कार्डातून कापले जातात. मधे माझ्या कार्डाची मुदत संपून नवीन कार्ड आलं, तरी कपात थांबली नाही. कार्ड कंपन्या नव्या कार्डाचा तपशील अशा विक्रेत्यांना परस्पर पुरवू शकतात, तशी सोयच आहे. आणि स्टेटमेंटवर अ‍ॅपचं नाव नव्हतंच. पाच-सहा इंग्रजी अक्षरांचं काहीतरी आद्याक्षरी नाव होतं, ते मी दर महिन्याला फोनचं बिल समजून पुढे जात होते. रक्कमही अशी बेताची, की डोळा अडू नये. एकदा फोनचं बिल थकल्याचा मेसेज आला, मी तावातावाने स्टेटमेंट काढून बसले, तेव्हा कळलं की ते फोनचं बिल नव्हेच.

रद्द करायला गेले तर खरी गंमत. सभासद व्हायला एक बटण पुरलं होतं. बाहेर पडायला आधी ‘खाते’, मग ‘सेटिंग’, मग ‘सभासदत्वाचे फायदे’ आणि त्या पानाच्या अगदी तळाशी एक अधोरेखित शब्द. तो दाबल्यावर तुम्ही आतापर्यंत किती वाचवलंत त्याची पाटी. पुढे दोन बटणं: एक मोठं, रंगीत, ‘माझी बचत चालू ठेवा’. दुसरं राखाडी, ‘नको, मला पूर्ण किंमत द्यायला आवडतं’. हे वाक्य मी तीनदा वाचलं. आपल्याच पैशांसाठी आपल्यालाच टोमणा! त्यानंतर कारण विचारणारा फॉर्म, मग अर्ध्या किमतीची ऑफर, आणि शेवटी ‘कस्टमर केअरशी बोला’. नंबर कुठेही नाही.

या प्रकाराला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. हॅरी ब्रिगनल या डिझायनरने २०१० मध्ये हे नाव दिलं. आत जायला सोपं आणि बाहेर पडायला अवघड अशा रचनेला तो झुरळांच्या सापळ्याची उपमा देतो. झुरळ व्हायची हौस मला नव्हती, पण उपमा चपखल आहे.

इथे मी दुसऱ्यांदा फसता फसता वाचले. नंबर मिळेना म्हणून इंटरनेटवर शोधला, सगळ्यात वर आला तो फिरवला. पलीकडचा माणूस फार गोड. “मॅडम, सगळे चौदा महिने परत देतो, फक्त एक छोटं अ‍ॅप डाऊनलोड करा आणि त्यातला नऊ आकडी कोड सांगा.” मी कोड वाचायला सुरुवातही केली होती. नवऱ्याने फोन हातातून ओढून बंद केला. ते स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप होतं. कोड दिला असता तर माझा फोन त्याला दिसला असता, बँकेच्या ओटीपीसकट. पैसे परत मिळायच्या आशेवर असलेला माणूस हे अशा लोकांचं सोपं गिऱ्हाईक. कस्टमर केअरचा नंबर कधीही इंटरनेटवर शोधून काढायचा नाही. तो अ‍ॅपमध्ये, बिलावर किंवा कार्डाच्या मागे असेल तोच.

शेवटी कार्डाच्या मागच्या नंबरावर बँकेला फोन केला. त्यांनी त्या विक्रेत्याची कपात थांबवली आणि तक्रार नोंदवून घेतली. शेवटच्या दोन कपाती परत मिळाल्या. बाकीच्यांची तक्रार करायची मुदत उलटून गेली होती. कार्डाच्या तक्रारीला मुदत असते आणि घड्याळ सहसा तुमच्या लक्षात आल्यापासून नव्हे, व्यवहारापासून चालू होतं. मेंबरशिप मात्र बँकेने कपात थांबवली म्हणून रद्द होत नाही. ती मी ईमेल पाठवून वेगळी रद्द केली, आणि उत्तर जपून ठेवलं आहे.

मग वही काढली. मेंबरशिपवर गेलेली रक्कम त्या एका महिन्याच्या ‘वाचले’च्या जवळपास दुप्पट होती. पण मला जास्त लागलं ते उजव्या रकान्याचं. तो आकडा खरा होताच कुठे? त्यातल्या काही वस्तू मी इतरत्र पाहिल्या, तर खोडलेली ‘छापील किंमत’ कोणीच घेत नव्हतं. किंमत आधी ४० टक्क्यांनी फुगवायची आणि मग ३० टक्के सूट द्यायची, तर ग्राहकाचे वाचतात फक्त २ टक्के. ‘५० टक्के आणि वर २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६०. ‘२० टक्के जास्त माल’ म्हणजे सूट सतरा टक्क्यांहूनही कमी. मी शाळेत गणितात बरी होते हो! पण हिरव्या अक्षरांत लिहिलेलं कोणी तपासून बघत नाही.

रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच लिहून ठेवलंय की वस्तूचा उपयोग वेगळा आणि ‘सौदा जमला’ याचं समाधान वेगळं. माणूस या समाधानासाठीही पैसे मोजतो. माझा उजवा रकाना म्हणजे त्या समाधानाची नोंदवही होती. आतबट्ट्याचा व्यवहार, आणि वर सुवाच्य अक्षरांत.

आता वहीत ‘वाचले’ नाही. त्या जागी ‘चालू कपाती’ आहे: नाव, स्टेटमेंटवर येणारं नाव, तारीख, वर्षाची रक्कम. मोफत चाचणी घेतलीच तर त्याच दिवशी रद्द करते. बऱ्याच ठिकाणी तरीही मुदतीपर्यंत वापरता येतं, नसेल येत तर तो मोह सोडते. आणि काही घेण्याआधी बाहेर पडायचं बटण कुठे आहे ते शोधते.

तुम्हीही अशा कपाती शोधायला बसणार असाल, तर तीन महिन्यांचं नव्हे, पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट घेऊन बसा. वार्षिक वर्गण्या वर्षातून एकदाच डोकं वर काढतात. मी बसले त्या रात्री मला तशी आणखी एक सापडली, तीन वर्षांपूर्वी घेतलेली, आणि ती कशाची आहे हे आठवायला मला दोन दिवस लागले.