मेंढ्यांच्या अंगावरचे किडे: इंजेक्शन की डुबकी?

गोचीड, उवा, खरजेचे किडे, सगळे एकाच औषधाने जातील असं धरून चालू नका. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली दिलं, 7 दिवसांनी पुन्हा दिलं, की खरूज आटोक्यात येते. पण लोकरीतल्या चावऱ्या उवांवर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि मटणासाठी मेंढी विकायची तर ठरलेले दिवस थांबावंच लागतं.

डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाच्या हौदातली डुबकी कानामागे, जांघेत, शेपटीखाली पोचते. गोचीड तिथेच दडतात. दख्खनी कळपाला मी डुबकीच देईन: कातरणीनंतर, जखमा भरल्यावर, आधी पोटभर पाणी पाजून. तहानलेली मेंढी हौदातलंच पाणी पिते! उरलेलं पाणी ओढ्यात अजिबात सोडू नका, मासे मरतात. मेंढवाड्याच्या भेगांतही औषध फवारा, गोचिडांची अंडी तिथे असतात.