तडा किती खोल, हे सांगणारे उपकरण

गळीत हंगाम संपून मिलचे रोलर उघडले की शाफ्टच्या जर्नललगतच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागालगतच्या) गोलाईत बारीक तडे सापडतात. डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरून तो उठून दिसू देणारा रंगद्रव, लावल्यावर त्यांची लांबी दिसते, खोली दिसत नाही. आणि शाफ्ट घासून पुन्हा वापरायचा की भंगारात काढायचा, हा निर्णय तर खोलीवरच ठरतो. त्यासाठी आमच्या कारखान्याने यंदा विभवांतरावर चालणारा, हातात मावणारा तडा-मापक घेतला.

त्याच्या प्रोबला चार पिना आहेत. बाहेरच्या दोन पोलादात प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात, आतल्या दोन विभवांतर मोजतात. काही किलोहर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह साध्या पोलादात पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरातूनच वाहतो, त्यामुळे वाटेत तडा आला की त्याला एका भिंतीने खाली उतरून दुसरीने वर यावे लागते. आतल्या पिनांमध्ये 10 मिमी अंतर आहे आणि तड्यावरचे विभवांतर शेजारच्या निकोप जागेच्या 2.2 पट भरले, तर वाट 22 मिमी झाली, म्हणजे तडा 6 मिमी खोल. पडद्यावरचा आकडा असा कागदावर ताडून पाहता येतो, हे मला या उपकरणात सर्वांत मोलाचे वाटते.

पहिल्या शाफ्टवर त्याने 6 मिमी दाखवले आणि घासत गेल्यावर तडा साडेसहा मिमीला नाहीसा झाला. दुसऱ्यावर मात्र 2 मिमी दाखवले, प्रत्यक्षात तो जवळजवळ 4 मिमी निघाला. तड्याच्या भिंती आत कुठे एकमेकींना टेकल्या असतील, तर प्रवाहाला जवळची वाट मिळते आणि आकडा कमी येतो. म्हणजे ही चूक नेहमी धोक्याच्याच बाजूला झुकते, तरीही सोबतच्या पुस्तिकेने तिचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. ही उणीव मला गंभीर वाटते. आखूड तड्याला प्रवाह टोकांकडून वळसा घालतो, तेव्हाही असेच होते.

सपाट प्रोब गोलाईत बसत नाही, अरुंद प्रोब वेगळा घ्यावा लागला. निकोप जागेचे वाचनही त्याच गोलाईत, त्याच दिशेने घेतले तरच तुलना खरी ठरते, आणि गंज व रंग आधी पूर्ण काढावा लागतो.

एवढे सांभाळण्याची तयारी असलेल्या दुरुस्ती विभागाने हे उपकरण जरूर घ्यावे. आम्ही आता प्रत्येक तड्यावर पाच ठिकाणी वाचन घेतो, सर्वांत मोठा आकडा धरतो आणि घासून झाल्यावर पुन्हा पेनिट्रंट लावल्याशिवाय शाफ्ट मिलमध्ये चढवू देत नाही.