नवं टर्नटेबल की जुना प्लेअर? आधी ट्रंक उघडा

निपाणीहून भाच्याचा फोन आला. "मामा, आजोबांची रेकॉर्डची ट्रंक गावली माळ्यावर. नवं टर्नटेबल घेऊ का जुना प्लेअर हुडकू?"

मी विचारलं, "ट्रंकेत काय आहे?"

"रेकॉर्डी आहेत की."

हे म्हणजे दुकानात जाऊन नुसतं 'चप्पल द्या' म्हटल्यासारखं झालं. पाय कुणाचा, माप किती, काही नाही. त्याला म्हटलं, आधी ट्रंक खाली काढ, जमिनीवर चादर अंथर आणि तीन ढीग कर. मग यंत्राचं बोलू.

तीन ढीग असे. दहा इंची, जड, खापरासारख्या कडक आणि हातातून निसटल्या तर खापरासारख्याच फुटणाऱ्या त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्या लाखेच्या असतात आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजतात. बारा इंची, हलक्या, जरा लवचिक त्या एलपी, ३३⅓ फेऱ्यांच्या. आणि सात इंची त्या ४५ च्या; सिनेमाची गाणी बहुतेक ह्यांच्यावर. एलपी १९४८ साली आली आणि ४५ ची तबकडी १९४९ साली, पण आपल्याकडे लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षं निघत होत्या. त्यामुळे आजोबा एकच असले तरी ट्रंकेत तिन्ही प्रकार सापडतात.

आपल्या बेळगाव भागातल्या ट्रंकांची आणखी एक गंमत आहे. त्यात मराठी नाट्यपदं असतात, त्यांनाच चिकटून कन्नड भावगीतं असतात आणि खाली धारवाडकडचा ख्याल असतो. घरात कुठली भाषा बोलत होते ते ट्रंकेवरून कळत नाही, कोण काय ऐकत होतं तेवढं कळतं. बेळगावहून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या तबकड्या ते शाळकरी वयाचे असतानाच निघाल्या होत्या. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर 'गांधारी' असं नाव आहे. ते नाव ओळखीचं नाही म्हणून तबकडी रद्दीवाल्याला देऊ नका.

आता यंत्रं. मी दोन्हीकडचे चटके खाल्लेत, म्हणून स्पष्टच लिहितो.

नव्यामध्ये सगळ्यात आधी नजरेत भरते ती सूटकेस. रंगीत पेटी, झाकण उघडलं की प्लेअर, स्पीकर आतच, वेग तिन्ही आणि किंमत ५ ते ८ हजारांच्या आसपास. वाढदिवसाला द्यायला झकास. पण आत बसवलेलं असतं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई ज्यात बसते आणि जिथे तिच्या थरथरीची वीज होते तो तुकडा) आणि त्याच्या सुईचा भार बहुतेकदा पाच ग्रॅमच्या घरात. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन-तीन ग्रॅम पुरतात. वर आर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचा, भार कमी-जास्त करायची सोयच नाही. स्टिरिओ तबकडीत सुईला आडवं हलावं लागतं तसंच वर-खालीही हलावं लागतं. ताठ सुईला ते जमत नाही, मग ती खाच खरवडत जाते. त्यातून ७८ चं बटण आहे म्हणून ७८ ची सुई आहे असंही नाही. ते पुढे सांगतो. आजोबांची एलपी ह्या पेटीत रोज घालायची असेल तर त्यापेक्षा मोबाइलवर ऐका.

त्याच्या वरची पायरी म्हणजे ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-६०एक्स. मी चौकशी केली तेव्हा १५ ते २० हजारांमध्ये मिळत होतं. बटण दाबलं की आर्म आपोआप जाऊन तबकडीवर बसतो आणि शेवटी आपोआप परत येतो. सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणारा प्री-अ‍ॅम्प आतच आहे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरला किंवा पॉवर्ड स्पीकरला सरळ जोडता येतं. सुई झिजली की तेवढी सुई बदलायची, दुसरी कटकट नाही. ज्यांच्या ट्रंकेत फक्त एलपी आणि ४५ आहेत आणि ज्यांना स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायचा कंटाळा आहे, त्यांनी पुढचं वाचायचीही गरज नाही, हेच घ्या. पण ह्यात ७८ चा वेग नाही. भाच्याच्या ट्रंकेत निम्मा ढीग लाखेचा निघाला, आणि सगळ्यांसाठी एकच यंत्र म्हणून हे तिथेच बाद झालं.

त्याच कंपनीचं एलपी-१२०एक्स दुपटीहून महाग पडतं. त्यात तिन्ही वेग आहेत, बेल्ट नाही (मोटर ताटलीच्या खालीच) आणि सुईचा भार आर्मच्या मागच्या वजनाने कमी-जास्त करता येतो. महत्त्वाचं म्हणजे सुई असलेला फक्त पुढचा तुकडा ओढून काढायचा आणि दुसरा लावायचा, एवढ्यावर ७८ ची सोय होते. त्या जातीच्या कार्ट्रिजला ७८ साठी वेगळी सुई मिळते. ती घ्याच. लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा तिप्पट-चौपट रुंद असते. एलपीची बारीक सुई त्यात तळाशी जाऊन धूळ खात फिरते आणि मग लोक म्हणतात, जुन्या तबकड्यांचा आवाजच खराब. बिचाऱ्या तबकडीचा काही दोष नसतो.

आता जुन्याकडे. इथे मन लगेच विरघळतं, म्हणून आधीच सावध करतो. पितळी भोंग्याचा, कुत्र्याचं चित्र चिकटवलेला, चकचकीत ग्रामोफोन कुठे दिसला तर तो शोकेससाठी आहे असं समजा. जुन्या सुट्या भागांवर नवा भोंगा बसवून असे ग्रामोफोन बनवून विकतात. खरा चावीचा ग्रामोफोन, म्हणजे एचएमव्हीची काळी पेटी वगैरे, मिळाला तर उत्तम. पण त्यावर फक्त ७८ वाजवायच्या आणि स्टीलची पिन दर बाजूला बदलायची. एलपी त्यावर ठेवलीत तर एका फेरीत तिचं वाटोळं होईल.

विजेवर चालणाऱ्या जुन्यांमध्ये आपल्याकडे दोन प्रकार जास्त दिसतात. एक, एचएमव्ही फिएस्टासारखे सेलवरही चालणारे पोर्टेबल. दुसरा, लाकडी पेटीत किंवा रेडिओग्रामच्या (रेडिओ आणि प्लेअर एकत्र असलेल्या कपाटाच्या) पोटात बसवलेले गॅरार्ड, बीएसआर ह्या कंपन्यांच्या जातीचे चेंजर, म्हणजे एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारे प्लेअर. ह्यांत बहुतेकदा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज आणि उलटी-पालटी करायची सुई असते. खटका फिरवला की एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. ७८ च्या तबकड्यांसाठी हे फार सोयीचं आहे. स्टिरिओ एलपीसाठी मात्र सूटकेसबद्दल जे बोललो तेच इथेही, फक्त पेटी लाकडाची.

किंमत? ३ हजारांपासून १० हजारांपर्यंत, विकणारा तुमच्या डोळ्यांत किती चमक बघतो त्यावर.

आता माझी गंमत. काही वर्षांपूर्वी गोव्यात एका जुन्या सामानवाल्याकडे अमेरिकेहून आलेलं बेल्टवरचं टर्नटेबल बघितलं. जड ताटली, सरळ आर्म, मॅग्नेटिक कार्ट्रिज. ११० व्होल्टचं आहे, ट्रान्सफॉर्मर लावा, झालं, असं त्याने सांगितलं. मी चोर्ला घाट चढून येईपर्यंत मनात कुठली तबकडी आधी लावायची ह्याची यादी केली होती. घरी आलो, ट्रान्सफॉर्मर लावला, तबकडी ठेवली आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी चारच्याही जरा खाली गायला लागल्या. बायको आतून म्हणाली, "कोण बुवा आहेत हे?"

झालं होतं असं की ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, पण विजेचे सेकंदाला होणारे हेलकावे, म्हणजे हर्ट्झ, बदलत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. तसली जुनी मोटर त्या हर्ट्‌झवरच धावते. त्यामुळे ३३⅓ ऐवजी जेमतेम पावणेअठ्ठावीस फेरे. विकणाऱ्याला ते माहीत होतं की नाही, देव जाणे.

मग मोटरवरची पुली काढून उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका लेथवाल्याकडे गेलो. मोठमोठ्या कास्टिंगवर काम करणारा माणूस. त्याने चिमटीत ती पुली धरली आणि विचारलं, "एवढंच? घड्याळाचं हाय काय?" व्यास बरोबर २० टक्के वाढवून पितळेची नवी पुली हवी होती. पहिली किंचित जाड झाली, बाई चिरकायला लागल्या. दुसरी बरोबर बसली. पैसे घेताना त्याने चहाही पाजला. आज ते मशीन माझ्याकडे सुरेख वाजतं, आणि खरं सांगायचं तर ६०एक्सपेक्षा त्याचा आवाज मला जास्त भरीव वाटतो. पण त्यात माझे किती रविवार गेले ते मी मोजलेलं नाही, बायकोने मोजलंय.

हे सांगायचं कारण असं की जुनं यंत्र घ्यायचं तर बेळगावचा माणूस नशीबवान आहे. मोठ्या शहरात असल्या कामासाठी रेस्टोरेशनवाला हुडकावा लागतो; आपल्याकडे फाउंड्री, लेथ आणि हायड्रॉलिकवाले जवळच. जुन्या चेंजरमध्ये मोटर आणि ताटली यांच्यामध्ये रबराचं चाक असतं, ते वर्षानुवर्षं एका जागी दाबून राहिल्याने चपटं होतं आणि गाण्याखाली बैलगाडीसारखी गडगड ऐकू येते. यंत्रांचे रबरी सील विकणाऱ्याकडे मापाची ओ-रिंग (गोल रबरी कडं) मिळाली तर कित्येकदा त्यावर भागतं. आर्म मध्येच अडकत असेल तर घाबरू नका, ग्रीस वाळून डिंक झालेलं असतं. रॉकेलने पुसून काढा, मोटरच्या बुशला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. मात्र वायरचं रबर तडकलेलं असेल तर प्लगमध्ये घालायच्या आधी वायर बदलूनच घ्या.

कार्ट्रिजपाशी मात्र लेथवाला काही करू शकत नाही. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमधला स्फटिक आपल्या पावसाळ्यात ओल खाऊन मेलेला असतो, खानापूरकडे तर हमखास. त्यामुळे विकत घेताना गाणं वाजवून दाखवल्याशिवाय पैसे काढू नका. दोन्ही कानांनी ऐका. वेग बघायचा सोपा उपाय म्हणजे ताटलीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवायचा आणि ३३ च्या वेगावर तीन मिनिटं फेरे मोजायचे. बरोबर १०० भरायला हवेत. ९८-९९ चालतील. पंच्याऐंशीच्या आत आले तर माझी गोष्ट आठवा आणि पुढच्या दुकानात जा.

तबकड्या पुसताना एक घात बऱ्याच जणांच्या हातून होतो. एलपीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं; लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावलं तर लाखच विरघळते. तिला साधं पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं. कागदी लेबल भिजवू नका. जूनपासून कपाटाची दारं अधूनमधून उघडी ठेवा, कव्हरवर बुरशी धरते.

शेवटी भाच्याने ढीग मोजले. ७८ च्या ३४, त्यांतल्या ९ तडकलेल्या. एलपी ११. सात इंची २०, जास्त कन्नड सिनेमाच्या. खिशात २५ हजार. तेवढ्यात १२०एक्स बसत नाही. मग असं ठरलं: एलपी आणि ४५ साठी नवं ६०एक्स, आणि ७८ साठी तीन हजारांच्या आसपास चालू स्थितीतला एखादा जुना चेंजर, तोही दुरुस्तीला हात न लावता चालणारा मिळाला तरच. फिएस्टा आला तरी हरकत नाही, ७८ वाजल्या म्हणजे झालं. उरलेले पैसे सुयांना. दोन्ही यंत्रं घ्यायचा सल्ला हौशी वाटेल, पण ११ एलपी जपायच्या तर सिरॅमिकच्या सुईखाली द्यायच्या नाहीत, इतकं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

नवं मशीन आलं त्या रात्री परत फोन. "मामा, चार रेकॉर्डींचं मधलं भोक ह्येऽ एवढं मोठं आहे. बसतच नाहीत."

ज्यूकबॉक्ससाठी (नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रासाठी) मधला भाग काढलेल्या असणार. त्यांना अडॅप्टर लागतो, साधारण ३८ मिलिमीटरचा. मशीनसोबत एक येतो, पेटीतल्या थर्मोकोलच्या खाचेत बघ म्हटलं. तर थर्मोकोल त्याच्या आईने सकाळीच कचऱ्याच्या गाडीत टाकला होता. येत्या सोमवारी मी पुन्हा उद्यमबागेत.