आडवा आठ दाखवणारी चिप

नोम (Knowm) कंपनीची मेमरिस्टर चिप. मेमरिस्टर म्हणजे आधी दिलेला व्होल्टेज लक्षात ठेवून आपला रोध बदलणारा घटक. सोळा पायांची, सिरॅमिकची, आत आठ सुटे मेमरिस्टर.

कोल्हापुरात एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना मी बरीच वर्षं रेणूंची मेमरी शिकवते, तीही फळ्यावर. २००७ साली जेम्स हीथ आणि फ्रेझर स्टॉडर्ट या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी रोटॅक्सेन रेणू वापरून १,६०,००० बिटांची मेमरी केली. डंबेलसारखा रेणू, दांड्यावर अडकलेलं कडं. कडं कुठल्या जागी बसलंय त्यावर शून्य की एक. चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १०० अब्ज बिट! पण बरेच स्विच बिघडलेले, आणि चालणारेही थोड्याच फेऱ्यांत दमायचे. मी फळ्यावर कडं सरकवलं की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे डोळ्यांनी बघता येतं का?"

रोटॅक्सेन आमच्या आवाक्याबाहेरचं. पण दिलेला व्होल्टेज रोधाच्या रूपात लक्षात ठेवणारं त्याचं भावंड या चिपमध्ये आहे. तंत्र अमेरिकेतल्या बॉइझी स्टेट विद्यापीठाच्या क्रिस्टी कॅम्पबेल यांचं: जर्मेनियम-सेलेनियमच्या थरात चांदीचे आयन शिरतात, वाट तयार होते, रोध उतरतो. उलटा व्होल्टेज दिला की वाट मोडते.

पार्सल यायला फार वेळ लागला. कुरिअरवाल्यांनी कस्टमच्या कागदांसाठी तीनदा तेच पत्र मागितलं. मागवणार असाल तर सत्राच्या सुरुवातीलाच मागवा.

मांडणी साधी आहे. फंक्शन जनरेटरवर १०० हर्ट्झची साइन वेव्ह, अर्ध्या व्होल्टची, आणि मेमरिस्टरला सिरीजमध्ये ४७ किलोओहमचा रेझिस्टर. सीआरओ (ऑसिलोस्कोप) एक्स-वाय मोडवर, म्हणजे एका अक्षावर व्होल्टेज, दुसऱ्यावर करंट असा टाकला आणि पडद्यावर मधोमध चिमटा काढलेला आडवा आठ उमटला. मेमरिस्टरची हीच खूण. लिऑन चुआ या अभियंत्याने १९७१ साली कागदावर मांडलेला हा घटक आमच्या जुन्या सीआरओवर! फ्रिक्वेन्सी वाढवत नेली तसा आठ बारीक होत गेला आणि शेवटी नुसती तिरकी रेघ उरली. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलं होतं. तरी मुलं तो नॉब पुन्हा पुन्हा फिरवत बसली.

चिप नाजूक आहे, हे मुलांच्या हाती देण्याआधी नीट बजावा. आमच्या एकाने सवयीने मल्टीमीटर थेट ओहमवर लावला आणि आठातला एक मेमरिस्टर कायमचा कमी रोधावर अडकला. सिरीज रेझिस्टरशिवाय काहीही जोडायचं नाही. हाताला अर्थिंगचा पट्टाही हवाच. आठही मेमरिस्टर सारखे वागत नाहीत, प्रत्येकाचा आलेख वेगळा काढावा लागतो. मला तर तोच खरा धडा वाटतो, कारण दाट मेमरी बनवणाऱ्यांची मोठी डोकेदुखी हीच आहे.

संध्याकाळी एक मेमरिस्टर कमी रोधावर आणून चिप सर्किटमधून काढली आणि डबीत ठेवली. सकाळी प्रोजेक्टवाली मुलगी साडेआठलाच हजर. ०.०५ व्होल्ट देऊन वाचलं. रोध कालच्याइतकाच खाली होता. "मॅडम, याच्या लक्षात आहे," ती म्हणाली, आणि वहीत वेळ लिहून तिने दुसऱ्या मेमरिस्टरला हात घातला.